दुर्मीळ चयापचय विकारांचा विशेष आहार: गोव्यात खर्च कुणाकडून आणि कसा मिळवायचा

कडू गोष्ट आधी सांगून टाकू. फिनाइलकीटोन्युरिया, मेपल सिरप युरिन डिसीज, होमोसिस्टिन्युरिया अशा जन्मजात विकारांत शरीराला प्रथिनातले ठरावीक घटक पचवता येत नाहीत, म्हणून ते घटक वगळलेली पावडर, म्हणजे फॉर्म्युला, द्यावी लागते. घरी रोज लागणाऱ्या या फॉर्म्युल्याच्या डब्याचे पैसे नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी देत नाही. मेडिक्लेमची सगळी रचना इस्पितळात दाखल होण्याभोवती बेतलेली असते आणि हा डबा घरच्या स्वयंपाकघरात उघडतो. मग विम्याचा उपयोग काय? उपयोग बराच आहे, पण तो दाखल झाल्यावर आणि घरी सोडल्यानंतरच्या काही आठवड्यांत. रोजच्या डब्यासाठी सरकारी वाट वेगळी आहे. दोन्ही वाटांचे कागद मात्र एकाच फाइलमधून निघतात, म्हणून सुरुवात फाइलपासून करू.

आधी डबे मोजा

'दर महिन्याला किती लागतं?' या प्रश्नाला बहुतेक घरांत 'चार-पाच डबे' असं उत्तर मिळतं. अर्जावर ते चालत नाही. हिशेब ग्रॅममध्ये मांडायचा.

समजा आहारतज्ज्ञाने सांगितलं की बाळाला फॉर्म्युल्यातून रोज २० ग्रॅम प्रथिन मिळायला हवं, आणि डब्याच्या लेबलवर १०० ग्रॅम पावडरीत २५ ग्रॅम प्रथिन लिहिलं आहे. म्हणजे रोज ८० ग्रॅम पावडर. तीस दिवसांची २,४०० ग्रॅम, ४०० ग्रॅमचे सहा डबे. वर्षाची २९,२०० ग्रॅम, बरोबर ७३ डबे. अर्जात हाच ७३ आकडा द्यायचा आणि खाली हिशेब मांडून दाखवायचा. 'अंदाजे ७५' लिहिलं की समोरचा माणूस पेन उचलून ६० करतो.

तान्ह्या बाळासाठीच्या पावडरीत प्रथिनाचं प्रमाण कमी असतं, मोठ्या मुलांच्या पावडरीत जास्त. त्यामुळे ब्रँड बदलला, वय वाढलं किंवा वजन वाढलं की डब्यांची संख्या बदलते. दर सहा महिन्यांनी नवं पत्र घ्या. जुन्या पत्रावर नवे डबे मागितले की पहिली शंका तिथेच येते.

चमच्याने मोजू नका, हे जाता जाता. प्रत्येक डब्यातला चमचा वेगळ्या मापाचा असतो. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. आणि जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत उघडा डबा दोन दिवसांत गोळे धरतो. झाकण घट्ट, चमचा कोरडा, डबा फ्रीजमध्ये नाही, आणि लेबलवर लिहिलेल्या मुदतीत, साधारण महिन्याभरात, संपवायचा. वाया गेलेला डबा कुठल्याच बिलात बसत नाही.

डॉक्टरांचं पत्र: सगळं यावर अवलंबून

'विशेष आहार द्यावा' एवढंच लिहिलेलं पत्र निरुपयोगी. विमा कंपनीच्या टेबलावर 'आहार' शब्द आला की तो माणूस वरणभात डोळ्यांसमोर आणतो. पत्रात हे मुद्दे हवेत:

विकाराचं पूर्ण नाव, निदानाची तारीख आणि निदान कशावरून झालं ते: टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री (रक्ताच्या थेंबावरची तपासणी), लघवीतली सेंद्रिय आम्लं, जनुकीय चाचणी. प्रत्येक अहवालाची तारीख वेगळी.

रोगाचा आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) कोड. फिनाइलकीटोन्युरिया ई७०.०, टायरोसिनीमिया ई७०.२, मेपल सिरप युरिन डिसीज ई७१.०, प्रोपिऑनिक, मिथाइलमॅलॉनिक आणि आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडीमिया ई७१.१, होमोसिस्टिन्युरिया ई७२.१, युरिया चक्रातले दोष ई७२.२, ग्लुटारिक अ‍ॅसिडुरिया प्रकार १ ई७२.३, गॅलॅक्टोसीमिया ई७४.२. पत्रात एक कोड, डिस्चार्ज कार्डावर दुसरा असं झालं की फाइल परत येते.

उत्पादनाचं नाव, त्याची जात (उदाहरणार्थ 'फिनाइलअ‍ॅलनिनविरहित अमिनो आम्ल मिश्रण'), रोजचे ग्रॅम आणि महिन्याचे डबे.

न दिल्यास काय होतं हे दोन वाक्यांत. फिनाइलकीटोन्युरियात फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल चढून बौद्धिक क्षमतेची कायमची हानी. मेपल सिरप विकारात ल्युसिन हे अमिनो आम्ल चढून मेंदूला सूज. युरिया चक्राच्या दोषांत अमोनिया चढून बेशुद्धी. हे स्पष्ट लिहायला डॉक्टरांना संकोच वाटतो, पण लिहायला हवं.

शेवटी ही वाक्यं, जवळपास अशीच:

'वरील उत्पादन हे नेहमीचं बाळअन्न किंवा पूरक आहार नसून या विकारावरचा मुख्य उपचार आहे. त्याला नेहमीच्या अन्नाचा पर्याय नाही. ते वैद्यकीय देखरेखीखालीच द्यायचं आहे आणि आयुष्यभर द्यावं लागेल.'

याला आधार डब्यावरच छापलेला असतो. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा उत्पादनाच्या लेबलवर 'फूड फॉर स्पेशल मेडिकल पर्पज' आणि फक्त वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावं अशी सूचना असावी लागते. लेबलच्या चारही बाजूंचे स्वच्छ फोटो फाइलमध्ये ठेवा. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी फोटो काढला की झालं.

विमा कंपनी कुठे कापते आणि का

दावा फेटाळताना ठरावीक पाचच कारणं येतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

पहिलं आणि सर्वांत चीड आणणारं कारण 'बेबी फूड'. विमा नियामकाच्या न देय वस्तूंच्या यादीत पहिलीच वस्तू बाळअन्न आहे. इस्पितळाच्या फार्मसीत संगणकावर बसलेल्या मुलाने तुमचा डबा त्या शीर्षकाखाली टाकला की पुढे कुणी वाचत नाही, आपोआप कट. त्याच यादीत खाण्याच्या खर्चापुढे एक अपवाद आहे: इस्पितळाने रुग्णाला दिलेला आहार. म्हणून डबा इस्पितळाच्या औषधनोंदीतून यायला हवा आणि बिलावर तो औषध किंवा वैद्यकीय पोषण म्हणून दिसायला हवा. तुम्ही घरून पिशवीत डबा नेलात आणि वॉर्डात तोच दिला, तर तो कुठल्याच बिलावर येत नाही. दाखल होतानाच वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगा की फॉर्म्युला केसपेपरवर औषधासारखा लिहा: किती ग्रॅम, किती वेळा. इस्पितळाच्या फार्मसीत तो नसेल, आणि गोव्यात बहुधा नसतोच, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर बाहेरून आणा. बिलावर रुग्णाचं नाव, बॅच नंबर आणि दाखल असतानाची तारीख हवी. आधीच घरात असलेल्या डब्याचं मागच्या महिन्याचं बिल इथे चालत नाही.

दुसरं कारण 'एक्सक्ल्यूजन १४'. हा सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत सारख्याच शब्दांत असलेला अपवाद. त्याचा मजकूर नीट वाचला तर तो तुमच्याच बाजूने आहे. चिठ्ठीशिवाय विकत मिळणारे पूरक आहार, जीवनसत्त्वं, खनिजं वगळली आहेत, पण 'इस्पितळात दाखल होण्याच्या दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली नसतील तर'. म्हणजे लिहून दिलेली असतील तर अपवाद लागू होत नाही. हे वाक्य आपल्या पॉलिसीतून काढून, पान क्रमांकासह, उत्तरात चिकटवा.

तिसरं, 'जनुकीय किंवा जन्मजात आजार'. हे कारण आता देताच येत नाही. सप्टेंबर २०१९ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकात कोणते अपवाद पॉलिसीत ठेवता येणार नाहीत याची यादी आहे. तिच्यात अंतर्गत जन्मजात आजार आणि जनुकीय विकार आहेत. त्याच यादीत आणखी एक ओळ आहे: मुख्यतः नळीने आहार देण्यासाठी इस्पितळात दाखल झाल्याचा खर्च. तोही सरसकट वगळता येत नाही. नाकातून नळी घालून फॉर्म्युला द्यावा लागणाऱ्या मुलांसाठी ही ओळ सोन्याची आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

चौथं, आधीपासूनचा आजार. याची प्रतीक्षा मुदत (तोवर त्या आजाराचा दावा मिळत नाही) २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पूर्वी ४८ होती. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती लपवल्याचा मुद्दा काढून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. इथे एक मोह होतो. नवजात तपासणीत संशय आलेला असतो आणि एजंट सांगतो, 'फॉर्मात लिहू नका, नंतर बघू.' लिहा. अशा मुलाचं पहिलं मोठं बिल बहुधा पहिल्याच वर्षात येतं. तेव्हा कंपनी जुने अहवाल मागवते आणि पॉलिसीच रद्द होते.

पाचवं, 'फक्त तपासणीसाठी दाखल'. ल्युसिन किंवा अमोनिया बघण्यासाठी ठरवून एक रात्र ठेवलं तर हे कारण रास्तच ठरतं. ताप, उलट्या, न खाणं यामुळे दाखल केलं असेल तर डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या ओळीत तसं हवं. 'मेपल सिरप विकाराचा पाठपुरावा' आणि 'तीव्र चयापचयी संकट, शिरेतून ग्लुकोज सुरू' या दोन नोंदींत दाव्याचं भवितव्य ठरतं. खोटं लिहायला कुणी सांगत नाही. घडलं ते नेमकं लिहायला सांगा.

घरी सोडल्यानंतरचे डबे

हे बहुतेक जण सोडून देतात. पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या खर्चाची मुदत असते, बहुधा ६० किंवा ९० दिवस. त्याच आजारासाठी, डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेल्या उपचाराचा खर्च त्यात मागता येतो. म्हणून डिस्चार्ज कार्डाच्या 'घरी द्यायची औषधं' या रकान्यात फॉर्म्युला ग्रॅम आणि दिवसांसह लिहून घ्या. 'आहार सल्ला' या वेगळ्या रकान्यात नको. वरच्या उदाहरणातल्या बाळासाठी ६० दिवसांचे १२ डबे होतात. कंपनी वाद घालेल, पण निदान वाद घालण्याजोगी गोष्ट कागदावर राहते. मुख्य दाव्याची आणि डिस्चार्जनंतरच्या दाव्याची मुदत वेगवेगळी असते. दोन्ही तारखा फाइलच्या कव्हरवर लाल पेनने लिहा.

नोकरीच्या ठिकाणचा समूह विमा असेल तर एचआरला दोन प्रश्न विचारा: बाळ पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहे का, आणि बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद आहे का. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कंपन्यांच्या समूह पॉलिसीत आधीच्या आजाराची प्रतीक्षा अनेकदा नसते. घेतलेल्या वैयक्तिक पॉलिसीपेक्षा ती कैक पटींनी उपयोगी पडते. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वाट वेगळी, तिथे आधी आपल्या ईएसआय दवाखान्यातून रेफरल.

गोव्यातल्या योजना कुठपर्यंत पुरतात

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाख, आणि किमान पाच वर्षांचा रहिवास. पण ही पॅकेजची योजना आहे: यादीतल्या प्रक्रियेचा ठरलेला दर. संकटात मूल दाखल झालं तर कार्ड जरूर काढा. घरी न्यायच्या डब्यासाठी मात्र त्यावर भिस्त ठेवू नका.

गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) होत नसलेल्या उपचारासाठी राज्याबाहेर जावं लागलं तर आरोग्य संचालनालयाची गोवा मेडिक्लेम योजना आहे. तिला गोमेकॉचं पत्र, मामलेदाराचा रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. गोमेकॉचं पत्र आधी, प्रवास नंतर. उलट क्रमाने गेलात तर पैसे बहुधा बुडाले.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतली मुलांची मदत अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर चालते, आणि इथे एक विचित्र उपरोध आहे. फॉर्म्युला वेळेवर मिळालेलं फिनाइलकीटोन्युरियाचं मूल धडधाकट असतं, म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळत नाही आणि मदतही नाही. उशीर होऊन बौद्धिक अपंगत्व आलेल्या मुलाला मिळते. अशा मुलासाठी नॅशनल ट्रस्टची निरामय योजनाही आहे, वर्षाला एक लाखापर्यंत आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही.

रोजच्या डब्यासाठी: राष्ट्रीय धोरण

दुर्मीळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ चं. त्यातला गट २ (अ) हा नेमका विशेष फॉर्म्युल्यावर सांभाळल्या जाणाऱ्या विकारांचा आहे: फिनाइलकीटोन्युरिया, मेपल सिरप विकार, होमोसिस्टिन्युरिया, युरिया चक्रातले दोष, सेंद्रिय आम्लांचे विकार, गॅलॅक्टोसीमिया वगैरे. मे २०२२ पासून कोणत्याही गटातल्या रुग्णाला दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रातून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, त्या उत्कृष्टता केंद्राकडे जातात. केंद्र खरेदी करून देतं. म्हणून आधी खरेदी करून नंतर बिल सादर करण्याचा मार्ग इथे नाही.

गोव्यात असं केंद्र नाही. जवळची दोन: मुंबईत परळचं केईएम आणि बेंगळुरूचं मानव आनुवंशिकी केंद्र, इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्थेसह. मांडवी किंवा कोकणकन्येने दादरला उतरलं तर परळ जवळ पडतं. पहिल्या खेपेला मूल, मूळ अहवाल आणि प्रत्येकाच्या तीन प्रती, आधार कार्ड, गोमेकॉच्या बालरोग विभागाचं पत्र आणि पंधरा दिवसांचा फॉर्म्युला न्या. निर्णय त्याच दिवशी होत नाही. केंद्राच्या समितीपुढे प्रकरण जातं. गाडीत दूध-बिस्किटांवर वेळ मारून नेऊ नका, साबुदाण्याची पेज डब्यात घ्या. साबुदाण्यात प्रथिन नावापुरतं असतं.

दुसरी बाजू राज्याची. धोरणाच्या भाषेत, गट २ मधल्या विशेष आहारावर सांभाळता येणाऱ्या रुग्णांना मदतीचा 'विचार राज्य सरकारं करू शकतात'. 'करावा' असं नाही. म्हणून पणजीला कांपालच्या आरोग्य संचालनालयात अर्ज करताना हक्काची भाषा चालत नाही, हिशेबाची चालते. एका पानात लिहा: विकार, गट २ (अ), वर्षाचे ७३ डबे, आजची किंमत आणि एकूण रक्कम; त्याखाली एकदा अतिदक्षता विभागात दाखल झाल्याचं प्रत्यक्ष बिल. दोन आकडे शेजारी ठेवले की अर्ज स्वतःच बोलतो. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तालुक्याच्या आमदाराचं शिफारसपत्र जोडलं तर फाइल वरच्या टेबलावर लवकर जाते. गोवा लहान आहे, त्याचा फायदा घ्या.

नवजात बाळांची तपासणी सरकारी इस्पितळांत राज्यपातळीवर देशात सर्वांत आधी गोव्याने सुरू केली, २००८ मध्ये. तपासणी करून निदान द्यायचं आणि उपचाराचा डबा द्यायचा नाही, हे सरकारलाही पटत नाही. अर्जात हे एक वाक्य जरूर घाला.

परदेशातून मागवत असाल तर

काही मिश्रणं आता बेंगळुरूत बनतात. आधी ती आपल्या मुलाला चालतात का ते विचारा. मागवावंच लागलं, तर धोरणाच्या यादीतल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराच्या अशा आहारावर मूळ सीमाशुल्क १ एप्रिल २०२३ पासून माफ आहे. आयजीएसटीही (आयातीवरचा जीएसटी) त्याच वर्षी जुलैच्या जीएसटी परिषदेत माफ करण्याचा निर्णय झाला. सवलत आपोआप मिळत नाही. आरोग्य संचालक, जिल्हा वैद्यकीय अधिकारी किंवा सिव्हिल सर्जन यांचं प्रमाणपत्र लागतं. त्यात आजाराचं नाव धोरणाच्या यादीतल्या शब्दांतच हवं. यादीत 'मेपल सिरप युरिन डिसीज' आणि प्रमाणपत्रावर 'ब्रँच्ड चेन केटोअ‍ॅसिडुरिया' असेल तर आजार एकच असूनही सीमाशुल्क अधिकारी पार्सल अडवतो. प्रमाणपत्र हातात आल्यावरच ऑर्डर द्या. पार्सल विमानतळावर पडून राहिलं की गोदामभाडं चढतं, आणि पावसाळ्यात पावडरीचं जे होतं ते वर लिहिलंच आहे.

आयकराची आशा फार धरू नका. कलम ८०डीडीबीच्या ठरलेल्या आजारांत हे विकार नाहीत. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ८०डीडी खाली ७५,००० किंवा तीव्र अपंगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट, तीही जुन्या करपद्धतीत.

दावा नाकारला तर

नकार लेखी मागा, पॉलिसीच्या कलम क्रमांकासह. फोनवरच्या 'नॉट पेएबल, सर' ला किंमत नाही. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही. ती मंजुरी झाली का, तारखेसह, हे पत्रात विचारा. एवढ्या प्रश्नानेच काही फाइली पुन्हा उघडतात.

मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज, सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. गोव्याचे दावे मुंबईच्या लोकपाल कार्यालयाकडे जातात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही; पटला नाही तर पर्वरी किंवा मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. मात्र आयोगात आधीच तक्रार दाखल असेल तर लोकपाल ती घेत नाही, म्हणून क्रम चुकवू नका.

लोकपालाकडे मजकूर दोन पानांपेक्षा जास्त नको. पहिल्या परिच्छेदात रक्कम, दुसऱ्यात कंपनीने दिलेलं कारण जसंच्या तसं, तिसऱ्यात पॉलिसीचं ते कलम आणि तुमचं उत्तर. मुलाचे फोटो लावू नका. त्याऐवजी रक्ततपासणीचा तक्ता लावा: फॉर्म्युला नियमित असतानाची फिनाइलअ‍ॅलनिनची पातळी आणि डबे संपले त्या आठवड्यातली. लहान मुलांत ती १२० ते ३६० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत ठेवायची असते. डब्यांच्या बिलांच्या तारखा आणि पातळीच्या तारखा एकाच कागदावर शेजारी मांडल्या, की हे अन्न आहे की औषध हे वाचणाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.